हस्तसंवेष्टन

हस्तसंवेष्टन : तयार झालेला अथवा बाजारात आलेला माल मोजून पोते, पिशवी, डबा, बाटली, खोके इत्यादींत हाताने वा साध्या हत्यारांच्या साहाय्याने भरणे, त्याचे तोंड बंद करणे, त्यावर खूण किंवा चिठ्ठी लावणे आणि तो वाहतुकीस व साठवणीस योग्य अशा रीतीने रचून ठेवणे, या सर्व कामांस मिळून हस्तसंवेष्टन असे म्हणतात. कारखान्यांत व वखारींत या कामास ‘पॅकिंग’ हाच शब्द रूढ आहे. धान्यबाजारात मात्र त्याला असे एकच नाव नाही. तेथे चाळणे, भरणे, तोलणे, शिवणे व थप्पी लावणे या क्रिया वेगवेगळ्या ओळखल्या जातात आणि त्या करणाऱ्यांस ढोबळपणे हमाल, मापारी वा माथाडी म्हटले जाते.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या व्यवसायांच्या प्रमाण वर्गीकरणात (२००८) हाताने संवेष्टन करणाऱ्या कामगाराला ९३२१ हा क्रमांक असून त्याची गणना नवव्या, म्हणजे सर्वांत खालच्या कौशल्यपातळीच्या प्राथमिक व्यवसायगटात केली आहे. संवेष्टनाचे यंत्र चालविणारा कामगार याच वर्गीकरणात आठव्या गटात (क्रमांक ८१८३) येतो. दोघांच्या हातून होणारे कार्य एकच असते. माल नेमका भरला जावा, सांडू नये, भिजू नये, ओळखता यावा व शाबूत पोहोचावा, हा दोघांचाही हेतू असतो. तरीही हाताने केलेले ते काम अकुशल ठरते. या समजुतीमुळे या कामाच्या दोन महत्त्वाच्या बाजू दुर्लक्षित राहतात. मालाचे वजन व प्रत यांची राखण संवेष्टन करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, ही पहिली बाजू होय. दुसरी अशी की, संवेष्टनाचे आकारमान म्हणजे पोत्याचे वजन कोणाच्या सोयीने ठरते, यावर त्या कामगाराचे आरोग्य व त्याच्या कष्टाच्या वर्षांची संख्या अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही बाजूंचे विवेचन प्रामुख्याने रिसोड (जि. वाशीम) व त्याच्या परिसरातील धान्यबाजाराच्या आधारे केले आहे.

पूर्वेतिहास : रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडातील धान्य, मीठ व कापूस यांची दूरची वाहतूक मुख्यतः बंजारा तांड्यांच्या बैलांवरून होत असे. बैलाच्या पाठीच्या दोन्ही अंगांस सारख्या वजनाचा भार टाकावा लागे, त्यासाठी गोणी वापरीत. गोणीचे आकारमान जनावराला किती ओझे सोसवेल यावरून ठरे. आजच्या वाशीम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी असून मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे प्रसिद्ध श्रद्धास्थान आहे. ‘गोणी’, ‘गोणपाट’ हे शब्द पोत्याच्या संदर्भात मराठीत अद्याप प्रचारात आहेत.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास परदेशी मोठी मागणी आली आणि १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. जहाजात व रेल्वेच्या डब्यात कमीत कमी जागेत जास्तीत जास्त कापूस मावावा म्हणून रुई दाबून तिच्या गाठी बांधण्याचे कारखाने वऱ्हाडात निघाले. हिंदी कापसाची गाठ ३९२ पौंडांची (सु. १७८ किग्रॅ.) धरली जाई. पुढे १७० किग्रॅ. हे तिचे प्रमाण वजन झाले. एवढी गाठ एका माणसाने उचलणे शक्य नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती. तिचे माप जहाजाने व दाबयंत्राने ठरविले होते. याच सुमारास बंगालमध्ये तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी पहिली १८५५ मध्ये कलकत्त्याजवळील रिश्रा येथे सुरू झाली. त्यानंतर तागाचे पोते हे धान्याच्या संवेष्टनाचे सार्वत्रिक साधन झाले.

खरेदीविक्रीतील वजनाच्या वादांमुळे वऱ्हाडात बाजारांचे नियमन फार लवकर सुरू झाले. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे असताना १८८६ मध्ये कारंजा येथील कापूसबाजार नियंत्रित करण्यात आला. हा देशातील पहिला नियंत्रित बाजार समजला जातो. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. नियंत्रित बाजाराच्या कल्पनेत खऱ्या तोलास आरंभापासूनच महत्त्वाचे स्थान होते. पोत्यात किती माल भरला, या प्रश्नावर शेतकरी व खरेदीदार यांचा परस्परांवरील विश्वास अवलंबून असल्याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

दशमान पद्धतीपूर्वी शेर, पायली, मण, पल्ला व खंडी ही मापे प्रचारात होती. सर्वसाधारणपणे मण ४० शेरांचा व पल्ला १२० शेरांचा असला, तरी स्थळपरत्वे त्यांत फरक पडत असे. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणके अधिनियमानंतर क्विंटल हे बाजारभावाचे एकक झाले आणि १०० किग्रॅ. चे पोते रूढ झाले. पोत्यांची संख्या म्हणजेच क्विंटलांची संख्या असल्याने वहीतील हिशेब अत्यंत सोपा झाला. बैल, जहाज आणि वही यांच्या सोयीचा विचार करून संवेष्टनाची मापे अशी बदलत गेली. ते ओझे उचलणाऱ्या माणसाचा विचार सर्वांत शेवटी झाला.

रिसोड बाजारातील कार्यपद्धती : रिसोड हे वाशीम जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वीचा वाशीम जिल्हा १९०५ मध्ये अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागून विलीन करण्यात आला होता. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला व रिसोड त्यात समाविष्ट झाले. तालुक्यातून पैनगंगा वाहते. गावास लोहमार्ग नसल्याने मालाची सर्व ने-आण रस्त्याने होते. पूर्वी येथे कापूस व ज्वारी ही प्रमुख पिके होती. गेल्या काही दशकांत त्यांची जागा मुख्यतः सोयाबीनने घेतली असून त्याच्या जोडीला तूर, हरभरा, गहू व हळद ही पिके आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची, जानेवारीपासून तुरीची, त्यामागोमाग हरभऱ्याची व उन्हाळ्यात हळदीची आवक होते. त्यामुळे पोती भरण्याचे काम हंगामी असून आवकेच्या दिवसांत त्याची एकच गर्दी उसळते.

या भागातील बाजारांत शेतकऱ्याचा माल आल्यावर साधारणतः पुढील क्रमाने काम होते. पोती गाडीतून उतरवून त्यांचा ढीग केला जातो. काडीकचरा, माती व फुटके दाणे काढण्यासाठी आवश्यक तर माल चाळला जातो. चाळणी, निवडणी व सांडलेल्या धान्याची झाडणी ही कामे बहुधा स्त्रियांकडे असतात. लिलावात भाव ठरल्यावर एक जण पोत्याचे तोंड धरतो, दुसरा घमेल्याने माल भरतो आणि पोते काट्यावर ठेवून मापारी त्याचे वजन पाहतो. घमेल्यातून शेवटचे एकदोन ओंजळी दाणे टाकून किंवा काढून काटा जुळविणे हे सरावाचे काम आहे. तरबेज हमालाने भरलेले पोते प्रथम काट्यावर ठेवतानाच हव्या त्या वजनाच्या अगदी जवळ असते. मग पोते आपटून दाणे बसविले जातात, तोंडाच्या कडा दुमडून दोन्ही टोकांस कान काढले जातात आणि दाभण व सुतळीने टाके घातले जातात. हे कान केवळ शोभेसाठी नसतात. पोते उचलताना हाताला पकड मिळावी, हा त्यांचा उपयोग असतो. टाके विरळ पडले, तर सोयाबीनसारखा गोल व गुळगुळीत दाणा वाटेत गळतो. ते फार ओढून घातले, तर जुने बारदान उसवते. सुक्या हळकुंडांची टोके टणक असल्याने झिजलेले बारदान त्यांना चालत नाही. शेवटी पोते पाठीवर घेऊन मालमोटारीत अथवा गोदामात नेले जाते.

थप्पी लावणे हे स्वतंत्र कसब आहे. जमिनीतील ओल लागू नये म्हणून खाली लाकडी फळ्या किंवा चौकटी ठेवतात. एका थरातील पोती उभी, तर त्यावरील थरातील आडवी ठेवून सांधे एकमेकांवर येणार नाहीत अशी रचना करतात. भिंत व थप्पी यांत फिरण्यापुरती जागा सोडतात. कीडनाशक धुरी देताना थप्पी सर्व बाजूंनी झाकता यावी व पोती मोजता यावीत, हा त्यामागील हेतू होय. तागाची पोती खरखरीत असल्याने एकमेकांस धरून राहतात. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पिशव्या मात्र घसरतात आणि कलती थप्पी कोसळून अपघात होण्याचा धोका वाढतो.

बारदान व तोल : भरलेल्या पोत्याच्या वजनातून रिकाम्या पोत्याचे वजन वजा करावे लागते. यालाच बाजारात बारदान कापणे म्हणतात. ५० किग्रॅ. धान्यासाठी सरकारी खरेदीत वापरले जाणारे तागाचे नवे पोते सु. ५८० ग्रॅ. वजनाचे असते. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पिशवीचे वजन त्याच्या पाव भागाच्या आसपास भरते. ही वजावट प्रत्यक्षापेक्षा अधिक झाल्यास शेतकऱ्याचे, उणी झाल्यास खरेदीदाराचे नुकसान होते. उदा., १०० पोत्यांच्या मालात दर पोत्यामागे केवळ २०० ग्रॅ. फरक पडला, तर एकूण फरक २० किग्रॅ. होतो. सोयाबीनच्या २०२५-२६ च्या हमीभावाने (प्रतिक्विंटल ५,३२८ रु.) त्याची किंमत सु. १,०६६ रु. होते. पोते भरणारा व तोलणारा यांच्या हाताचे आणि सचोटीचे मोल यावरून लक्षात येईल. इलेक्ट्रॉनिक काट्यांमुळे आकडा सर्वांस दिसू लागला, तथापि बारदानाचे वजन, ओलसर पोते आणि तोल चालू असताना सांडणारे दाणे हे प्रश्न काट्याच्या कक्षेबाहेरच राहिले आहेत.

बियाण्यांचे संवेष्टन : हाताळणीतील कौशल्याचा उत्तम दाखला सोयाबीनच्या बियाण्यात आढळतो. या बियाण्याचे बाह्य आवरण पातळ असून आतील अंकुर आवरणाच्या अगदी लगत असतो. त्यामुळे पिशवी उंचावरून टाकल्यास किंवा आपटल्यास वरून काहीही न दिसता आत बीजाला इजा होते व उगवणशक्ती घटते. थप्पी फार उंच झाल्यास तळाच्या पिशव्यांवरील दाबानेही हाच परिणाम होतो. म्हणून हे बियाणे कमी उंचीच्या थप्पीत ठेवावे व हलक्या हाताने उतरवावे, असे कृषितज्ञ सांगतात. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे (स्थापना १९७६) मुख्यालय याच विभागात अकोला येथे आहे. सोयाबीनच्या बियाण्यासाठी एक एकर पेरणीस पुरेल अशी ३० किग्रॅ. ची पिशवी दीर्घकाळ रूढ राहिली. येथे संवेष्टनाचे माप शेताच्या क्षेत्रफळाने ठरविले आणि योगायोगाने ते वाहणाऱ्याच्या शरीरासही तुलनेने सोयीचे ठरले. पेरणीनंतर उगवण विरळ झाल्यास दोष बियाण्यास, पावसास अथवा शेतकऱ्यास दिला जातो. मध्ये कोठेतरी पिशवी आपटली गेली असेल, ही शक्यता क्वचितच विचारात घेतली जाते. ज्या कामात घाई झाली तर एखाद्याचा हंगाम वाया जाऊ शकतो, त्या कामास अकुशल म्हणणे कितपत योग्य आहे, असा प्रश्न यातून उभा राहतो.

कारखाने व वखारी : कारखान्यांत संवेष्टनाचे साधारणपणे तीन स्तर असतात. प्रथम माल प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या पुडीत, बाटलीत वा पिशवीत भरला जातो. अशा ठरावीक पुड्या मग पुठ्ठ्याच्या खोक्यात बसविल्या जातात. शेवटी ती खोकी लाकडी तबकावर रचून त्यांभोवती पट्टे आवळतात किंवा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा गुंडाळतात. मोठ्या कारखान्यांत पहिला स्तर यांत्रिक झाला असला, तरी दुसरा व तिसरा हे स्तर पुष्कळ ठिकाणी अजूनही हातानेच पार पडतात, कारण मालाचे आकार व मागण्या सतत बदलत असतात. डाळ गिरण्या, मसाले, औषधे, कापड, खेळणी, यंत्रांचे सुटे भाग अशा अनेक उद्योगांत हे काम चालते. १९५९ मध्ये मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी सुरू केलेला श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड हे हाताने चालणाऱ्या उत्पादनाचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे काम करणाऱ्या स्त्रिया संस्थेच्या सभासदही असतात.

किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर मालाचे नाव, उत्पादक वा संवेष्टकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत इ. माहिती देणे बंधनकारक आहे. याविषयीचे १९७७ चे नियम जाऊन आता वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खालील २०११ चे नियम लागू आहेत. चिठ्ठी लावणाऱ्याची चूक त्यामुळे केवळ चूक राहत नाही, तर तिला कायदेशीर परिणाम असतात. चुकीची चिठ्ठी लागलेली औषधाची बाटली प्रसंगी जिवावरही बेतू शकते.

मालाची मागणी दूरवरून नोंदवून तो घरपोच मागविण्याची पद्धत वाढल्यापासून वखारींचे स्वरूप पालटले आहे. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा परिसर आणि पुण्याजवळील चाकण येथे अशा विस्तीर्ण वखारी आहेत. तेथे कामगाराला फडताळांतून सांगितलेली वस्तू शोधून आणणे, तिच्यावरील रेखाचिन्ह यंत्राला दाखविणे, योग्य मापाचे खोके निवडणे व चिकटपट्टीने ते बंद करणे ही कामे करावी लागतात. ओझे येथे हलके असते, परंतु दर तासाला किती नग व्हावेत याचे लक्ष्य ठरलेले असते आणि प्रत्येक नगाची नोंद यंत्रात होते. धान्यबाजारात शरीराचा कस वजनाने लागतो, तर वखारीत तो पुनरावृत्तीने व वेगाने लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू भागातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांना औद्योगिक शहरांत प्रथम मिळणाऱ्या कामांत पॅकिंगचे काम नेहमी आढळते. त्याला दीर्घ प्रशिक्षण लागत नाही आणि ठेकेदारामार्फत ते लवकर मिळते. मात्र तितक्याच लवकर ते सुटतेही.

मजुरी : हस्तसंवेष्टनाची मजुरी दिवसावर, नगावर किंवा वजनावर दिली जाते. बाजार समित्यांच्या आवारात हमाली व तोलाई यांचे दर ठरविलेले असतात आणि त्यांपैकी शेतकऱ्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या हिशेबपट्टीतून वजा होते. त्यामुळे हमालाची मजुरी वाढली की ती कोणाच्या खिशातून जाणार, हा वाद बाजारात वारंवार निघतो. दर पोत्यावर आहे की क्विंटलवर, हा तपशील वरवर पाहता किरकोळ वाटतो. समजा, १०० क्विंटल माल भरावयाचा आहे. १०० किग्रॅ. ची पोती असतील, तर १०० पोती भरावी, शिवावी व उचलावी लागतात, ५० किग्रॅ. ची असतील, तर २००. पोते लहान झाल्याने एका वेळचे ओझे निम्मे होते. पण खेपा, टाके व बारदान यांची संख्या दुप्पट होते. मजुरी क्विंटलवर असेल, तर कामगाराला तेवढ्याच पैशात दुप्पट शिवण व दुप्पट खेपा कराव्या लागतात. ती पोत्यावर पूर्वीच्याच दराने राहिली, तर देणाऱ्याचा खर्च दुप्पट होतो. म्हणून पोत्याचे वजन बदलताना मजुरीचा पाया व दर यांची नव्याने आखणी करणे आवश्यक असते. ती न झाल्यास शरीराचे रक्षण करणारा नियम कामगारालाच नकोसा वाटू लागतो आणि अधिक कमाईसाठी जड पोते पत्करण्याकडे त्याचा कल होतो.

कामाच्या मोजमापाचा शास्त्रीय प्रयत्न अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी केला. १८९९ मध्ये बेथलीएम येथील पोलाद कारखान्यात ९२ पौंडांच्या बिडाच्या लाद्या उचलण्याचे काम त्यांनी दर माणशी दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचे नमूद केले आहे. या प्रयोगात विश्रांतीच्या अवधीचे महत्त्व ओळखले गेले होते. तथापि एवढे ओझे किती वर्षे उचलता येईल, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर होता. उत्पादनाचे मोजमाप दिवसाने होते. शरीराची झीज मात्र वर्षांनी मोजावी लागते.

ओझे व आरोग्य : वाकून वजन उचलताना कण्याच्या खालच्या भागातील मणक्यांमधील चकत्यांवर ओझ्याच्या कित्येक पट दाब येतो. उचलता उचलता शरीर पिळले गेल्यास हा दाब अधिक घातक ठरतो. कंबरदुखी, चकती सरकणे, गुडघ्यांची झीज, मान व खांद्यांचे विकार हे जड पोती वाहणाऱ्यांत आढळतात. पाठीवरील ओझ्यासह फळीवरून मालमोटारीत चढताना तोल जाऊन होणारे अपघात गंभीर असतात. सतत एकच हालचाल करणाऱ्या कारखान्यातील स्त्री-पुरुषांस मनगटातील चेता दबून बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हे त्रास जडतात. धान्याच्या धुळीने दमा व जुनाट खोकला होतो. मिरची व मसाल्यांच्या संवेष्टनात डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांचा दाह होतो. गोदामात कीडनाशक धुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडाच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू अत्यंत विषारी आहे. धुरीनंतर पुरेसे वायुवीजन होण्यापूर्वी थप्पीस हात लावणे प्राणघातक ठरू शकते. विदर्भातील कडक उन्हाळा पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्यास अधिकच जाचतो.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ मध्ये कमाल ओझ्याविषयी करार (क्र. १२७) व शिफारस (क्र. १२८) संमत केली. प्रौढ पुरुषाने वाहावयाचे कमाल ओझे ५५ किग्रॅ. पेक्षा अधिक असल्यास ते त्या पातळीवर आणण्याचे उपाय शक्य तितक्या त्वरेने योजावेत, असे शिफारशीत म्हटले आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात तर सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याची मर्यादा २३ किग्रॅ. धरली आहे. या मापाने ५० किग्रॅ. चे पोते दुपटीहून अधिक व क्विंटलचे पोते चौपटीहून अधिक भरते. ब्रिटन, जर्मनी इ. देशांत सिमेंटची पिशवी २५ किग्रॅ. ची असते, भारतात ती ५० किग्रॅ. ची आहे. भारतात यूरियाची पिशवी २०१८ मध्ये ५० वरून ४५ किग्रॅ. ची करण्यात आली, परंतु त्यामागे खताचा वापर कमी व्हावा हा हेतू होता. हमालाची पाठ नव्हे.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३४ व्या कलमाने इजा होईल एवढे ओझे कामगाराला उचलावयास लावण्यास मनाई केली होती व कमाल वजने ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांना दिला होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात येऊन तिने या अधिनियमाची जागा घेतली. बाजाराचे आवार हे मात्र रूढ अर्थाने कारखाना नव्हे. त्यामुळे कारखान्यांसाठी केलेल्या नियमांचा लाभ पोती वाहणाऱ्यास दीर्घकाळ मिळू शकला नाही. धान्य व इतर मालासाठी ५० किग्रॅ. च्या पोत्याची मागणी मुख्यतः हमालांच्या संघटनांनीच लावून धरली आणि क्रमाक्रमाने हे माप बहुतेक ठिकाणी रूढ झाले.

संघटना व कायदे : पोते भरणारा कामगार एका दिवसात अनेक अडत्यांकडे काम करतो. त्याचा कायम मालक कोणी नसतो. म्हणून भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, उपदान यांसारखे लाभ त्याला मिळत नसत. पुणे येथे बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. १९७४ मध्ये तिने कष्टकऱ्यांना स्वस्त व सकस अन्न मिळावे म्हणून ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. मुंबईत अण्णासाहेब पाटील (मृत्यू १९८२) यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली. या चळवळींच्या रेट्यामुळे महाराष्ट्र शासनाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ संमत केला. भरणे, उतरविणे, थप्पी लावणे, वाहणे, तोलणे व मोजणे यांबरोबरच त्यांस पूरक अशी कामेही त्याच्या कक्षेत येतात. कृषी उत्पन्न बाजारांतील अशा कामांचा त्याच्या अनुसूचीत स्पष्ट निर्देश आहे.

या अधिनियमानुसार मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन होते. मालक व कामगार या दोघांचीही त्याकडे नोंदणी केली जाते. मालक मजुरीची रक्कम व तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस व वैद्यकीय साहाय्य यांची तरतूद करते. मालक अनेक असले, तरी लाभ एकाच ठिकाणी जमा होतात, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. असंघटित श्रमिकांसाठी भारतात झालेल्या कायद्यांत तिचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. तथापि तिचा लाभ मोठ्या शहरांतील बाजारांत जितका पोहोचला, तितका लहान तालुक्यांच्या बाजारांत पोहोचलेला नाही. कामाचे हंगामी स्वरूप, शेतमजुरी व हमाली यांची सरमिसळ आणि लेव्ही टाळण्याची व्यापाऱ्यांची प्रवृत्ती ही त्याची कारणे सांगता येतील. चाळणी व झाडणी करणाऱ्या स्त्रियांची नोंद हमालांपेक्षाही कमी होते, कारण त्यांच्या कामाकडे स्वतंत्र काम म्हणून पाहिले जात नाही.

यांत्रिकीकरण : पोते शिवण्याची हातातील विद्युत् यंत्रे, सरकते पट्टे, आपोआप तोलून भरणारी यंत्रे व धान्य सुटेच साठविणारे पोलादी कणगे यांमुळे या व्यवसायात बदल होत आहेत. पंजाबातील मोगा व हरियाणातील कैथल येथे गहू पोत्यांवाचून साठविण्याची व्यवस्था उभारण्यात आली आहे. एका जातीचा, एका प्रतीचा माल प्रचंड प्रमाणात येतो, तेथे ही पद्धत किफायतशीर ठरते. दुसरीकडे, तागाच्या उत्पादकांच्या हितासाठी केलेल्या १९८७ च्या तागसंवेष्टन अधिनियमामुळे सरकारी धान्यखरेदीत तागाच्या पोत्याचे स्थान टिकून आहे.

रिसोडसारख्या बाजारात शेकडो लहान शेतकऱ्यांचा माल थोडाथोडा व वेगवेगळ्या प्रतीचा येतो. तो निराळा ठेवावा लागत असल्याने पोते व ते भरणारा हात यांची गरज तेथे नजीकच्या काळात संपेल असे दिसत नाही. चाकांची ढकलगाडी, मालमोटारीच्या तळाच्या उंचीचा ओटा व तिरपा सरकता पट्टा या साध्या सोयींनी पाठीवरील ओझे बरेच कमी होऊ शकते. त्यांचा खर्च एखाद्या स्वयंचलित संवेष्टन यंत्राच्या मानाने अल्प असतो. आकारमान आणखी घटवून ३० किग्रॅ. पर्यंत आणणे तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही, हे बियाण्याच्या पिशवीने दाखवून दिले आहे. त्यासाठी बारदानाचा वाढीव खर्च कोणी सोसावा व मजुरीचा दर कसा बांधावा, हे प्रश्न शेतकरी, व्यापारी व कामगार यांनी एकत्र बसूनच सोडवावे लागतील. पोत्याचे वजन ठरविताना ते उचलणाऱ्याचेही मत घेतले जाणे, ही या व्यवसायातील सुधारणेची पहिली पायरी होय.